बिननावाची एकतीस गाणी

३ तारीख, सोमवार

लेकीने आज माझ्या संगणकात एकतीस अनोळखी माणसं आणून सोडली. प्रत्येकाचं नाव ‘ट्रॅक’ आणि पुढे आकडा. कलाकार: अज्ञात. अल्बम: अज्ञात. साल: रिकामं. चित्राच्या जागी करडा चौकोन.

म्हणाली, “आई, तुमच्या गाण्यांच्या तिन्ही कॅसेट दुकानातून संगणकासाठी उतरवून आणल्यात. आता नावं तू घाल. मावशी अठ्ठावीसला जाणार. त्याआधी हे सगळं तिच्या फोनमध्ये गेलं पाहिजे.”

मी म्हटलं, “तुझ्या मावशीच्या फोनशी माझा काय संबंध?”

“तुझा संबंध नावांशी. चौतीस वर्षं लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्यास ना? मग लाव की.”

इथे ती मला बरोबर पकडते. बिनचिठ्ठीची बाटली दिसली की माझा हात पेनाकडे जातो, निवृत्त होऊन चार महिने झाले तरी. ही वही लॅबमधल्या मुलींनी निरोपाच्या दिवशी दिली होती. आजवर कोरीच होती. म्हटलं, काम हातात घेतलंच आहे तर नोंद ठेवावी.

४ तारीख, मंगळवार

काम तसं सोपं आहे. एका गाण्याची एक ओळ. ओळीत रकाने: गाण्याचं नाव, कलाकार, अल्बम, साल, क्रमांक, संगीतकार. शेवटी कव्हरचं चित्र चिकटवायचं. जे सगळ्यांना सारखं आहे ते एकदाच लिहून दहा ओळींना एकदम लावता येतं. लॅबमध्ये अशी सोय असती तर माझी अर्धी हयात वाचली असती.

गाणं ओळखण्यापुरतं पाच सेकंद ऐकायचं ठरवलं होतं. पहिलं पूर्ण चार मिनिटं ऐकलं. ओळख पक्की हवी.

हे मागून डोकावले. “दोन तास झाले, एकच नाव लिहिलंस?”

“घाईत चुका होतात,” मी म्हटलं.

“हो का? मग डोळे कशाने लाल झाले?”

स्क्रीनने. दुसऱ्या कशाने होणार?

६ तारीख, गुरुवार

वीस गाण्यांची नावं झाली. तिसऱ्या कॅसेटला हात लावलेला नाही. पहिल्या कॅसेटचं साल मात्र काही केल्या आठवेना, आणि कव्हरं माझ्याकडे नाहीत. लेकीला फोन केला.

“मला कसं माहीत असणार? मी तेव्हा पाळण्यात. मावशीला विचार. कव्हरं पण तिच्याकडेच असतील.”

“तूच विचारून सांग.”

“मला वेळ नाही गं आई. फार काम आहे.” मागे तिच्या घरातला टीव्ही चालू होता.

आता लिहायलाच हवं, वहीपासून काय लपवायचं! ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आम्ही दोघी एकत्र गायचो. ती वरच्या आवाजात, मी खालच्या. भावोजी चाली लावायचे आणि अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे. त्यांच्याच पुढच्या खोलीत, खिडक्यांना गाद्या लावून, आम्ही तीन कॅसेट केल्या. तिसरी छापून आली तेव्हा कव्हरवर एकटी ताई होती. फोटो आम्हा दोघींचा काढला होता, खांद्याला खांदा लावून. छापलेल्यात माझं फक्त कोपर होतं.

मी गाणं सोडलं. त्याला सव्वीस वर्षं झाली. बोलणं बंद नाही आमचं. लग्नकार्यात ‘कशी आहेस’, ‘बरी आहे’ होतं. दोन वर्षांपूर्वी भावोजी वारले तेव्हा मी गेले होते, दाराजवळच उभी राहून परत आले. आता तिचा मुलगा तिला कायमचं स्वतःकडे नेतोय, विमानाने जावं लागतं इतक्या लांब. बरंच आहे. एकटीने किती दिवस काढायचे?

९ तारीख, रविवार

ताईकडे गेले. चार थांबे तर आहेत बसचे.

ताईने दार उघडलं. मग म्हणाली, “आलीस? चपला आत काढ, बाहेर कुत्रं नेतं.” सव्वीस वर्षांनंतरचं हे पहिलं धड वाक्य.

घरभर खोकी. भांडीकुंडी बांधून झालेली. ओट्यावर दोनच कप बाहेर ठेवले होते. एकटीला दोन कप कशाला लागतात कोण जाणे, बांधायचे राहिले असतील. बरं झालं राहिले ते, चहा त्यातच झाला.

मी सरळ कामाचं बोलले. साल तिने झटकन सांगितलं. कव्हरं एका पत्र्याच्या डब्यात होती. तिने डबा मांडीवर घेतला, झाकण माझ्या बाजूने धरलं, बराच वेळ आत चाचपलं आणि पहिल्या कॅसेटचं कव्हर काढून दिलं.

“बाकीची दोन?”

“शोधावी लागतील गं. तू परवा-तेरवा ये.”

ताईचं वय दिसायला लागलं. एवढ्याशा डब्यात तीन कागद सापडू नयेत म्हणजे काय!

१० तारीख, सोमवार

कव्हरचा फोटो काढून संगणकात घेतला. तर तिथे चित्र चौकोनी लागतं आणि कॅसेटचं कव्हर असतं उभट. लेक म्हणाली, “काप ना वरून-खालून, त्यात काय!”

मी चौकोन सरकवून पाहिला. आता खरं तेच लिहिते. तो चौकोन मी लहान केला आणि डावीकडे सरकवत सरकवत ताईला चित्राच्या बाहेर नेलं. एकटी मी उरले. बरी दिसत होते. पाच-सात सेकंद फार बरं वाटलं, मग इतकं ओशाळल्यासारखं झालं की हे आत आले तेव्हा मी संगणकाचं झाकणच मिटलं.

शेवटी काहीही कापलं नाही. दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या जोडून चौकोन पूर्ण केला. लेकीला ते गबाळं वाटतं. वाटू दे.

१३ तारीख, गुरुवार

दुसरं कव्हर ‘सापडलं’. लेकीचाच सकाळी फोन आला होता, “मावशीला आज दुसरं मिळालंय, जाऊन ये.” तिसऱ्याचा अजून पत्ता नाही.

ताईला म्हटलं, “मी शोधू का? डबा दे इकडे.”

“डब्यात नाही ते. कुठल्यातरी खोक्यात गेलंय.” डबा तिने उशीमागे सरकवला.

मग तिने लॅबचं विचारलं. मी त्या डॉक्टरांची गोष्ट सांगितली, स्वतःचंच रक्त तपासायला देताना चक्कर येऊन पडलेल्या. ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. तिचं हसणं वरच्या पट्टीतच लागतं, विसरले होते. पाठ चोळावी लागली.

१४ तारीख, शुक्रवार

ताईकडे गेले. तिसरं कव्हर सापडलं नाही. चहा झाला.

१५ तारीख, शनिवार

तेच.

१७ तारीख, सोमवार

तिसऱ्या कॅसेटची अकरा गाणी घेतली. आवाज बंद ठेवूनच नावं लिहिली, यादी मला तोंडपाठ आहे. कलाकाराच्या रकान्यात मात्र मी कसूर केली नाही. ज्याचं श्रेय त्याला. गाणं एक: मुख्य आवाज ती, साथ मी. गाणं चार: फक्त ती. गाणं सहा: मुख्य आवाज मी, साथ ती. गाणं नऊ: दोघी, पण पहिलं कडवं माझं. अकरा ओळींत एकही गोष्ट मोघम नाही. कोणाला बोट ठेवायला जागा नाही. मनात म्हटलं, कव्हरवर नसले तरी इथे आहे.

मग सगळं फोनमध्ये घालून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. एका कॅसेटचे पाच अल्बम झाले होते! एकात तीन गाणी, एकात एकच. सगळ्यांचं नाव तेच, क्रमांक मात्र विखुरलेले. तीनदा पुन्हा घातलं. तीनदा पाच.

१८ तारीख, मंगळवार

लेक येऊन बघून गेली. पोट धरून हसली.

“आई, फोन गाण्याचा कलाकार बघतो. तू दर गाण्याला वेगळा लिहिलास, तर त्याला वाटतं ही वेगवेगळ्या लोकांची वेगवेगळी कॅसेट. हा बघ, आणखी एक रकाना आहे: ‘अल्बमचा कलाकार’. तो तू रिकामाच ठेवलास. त्यात अकराही गाण्यांना एकच नाव घाल, सगळी एकत्र येतील.”

“एकच? कोणाचं?”

“ते मी कसं सांगू? मावशीला विचार.”

या मुलीला स्वतःचं म्हणून काही ठरवताच येत नाही. सगळं आपलं मावशीला विचार. पण प्रश्न खरा आहे. तिचं नाव घातलं तर कव्हरवर झालं तेच पुन्हा झालं. माझं घालायला मन धजत नाही. आणि हातात दहा दिवस आहेत. जाताना लेक म्हणाली, “कव्हरचं काय, प्रेसवाल्याने कापलं असेल गं. विचार तरी एकदा.” मी सव्वीस वर्षं विचारलं नाही. काय उत्तर येईल याची भीती वाटायची.

१९ तारीख, बुधवार

आज ताईने न मागता डबा माझ्यापुढे ठेवला. तिसरं कव्हर सगळ्यात वर होतं. ताई ताठ उभी, आणि उजव्या कडेला निळ्या बाहीतलं कोपर.

मी हसतच म्हटलं, “प्रेसवाल्याने कापलं असणार, नाही का?”

ताईने कप खाली ठेवला. “नाही. मी कापलं. याच टेबलावर बसून, कात्रीने.”

“का?” मी विचारलं.

“दुसऱ्या कॅसेटनंतरचा तो मोठ्या हॉलमधला कार्यक्रम आठवतो? संपल्यावर लोक माझ्या शेजारून गेले आणि तुझ्याभोवती जमले. खालचा आवाज तुमचा का, किती गोड, किती भरीव. एकाने तर येऊन माझ्या हातात त्याची छत्री दिली. जरा धरा म्हणाला, आणि तुझ्याशी बोलत बसला. अर्धा तास छत्री धरून उभी होते मी! बारके, तुला सूर शिकवला मी, आणि छत्री धरायलाही मीच?”

“मग तेव्हाच सांगायचं ना मला!”

“काय सांगायचं? धाकट्या बहिणीचा हेवा वाटतो, हे सांगायचं? फोटो कापला आणि छापून आल्यावर लाजेने मेले. हे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, अ‍ॅकॉर्डियनही उघडलं नाही. मी यायची होते तुझ्याकडे. तेवढ्यात तुझा निरोप आला, आता गाणार नाही म्हणून. सहा कार्यक्रम ठरलेले होते आपले. मग माझंही डोकं फिरलं. मी फोटो कापला, मान्य आहे. तू तर गाणंच कापलंस.”

मी उठले आणि तिरीमिरीत बाहेर पडले. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की कव्हर तिथेच राहिलं.

२० तारीख, गुरुवार

संगणक उघडला नाही. भाजी करपवली. ह्यांनी निमूटपणे खाल्ली, यावरून माझा चेहरा कसा होता ते कळावं.

दुपारी त्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे तुझा संशय सव्वीस वर्षं बरोबर होता. आता आनंद व्हायला हवा.”

नाही झाला. छत्रीवाला मला आठवतच नाही. मला त्या दिवसाच्या टाळ्या आठवतात, कोणीतरी दिलेली फुलं आठवतात. ताई कुठे उभी होती तेही आठवत नाही. तिच्याकडे मी एकदा तरी पाहिलं होतं का? तिचा राग येतोच आहे. पण आता त्याच्याबरोबर माझाही येतोय, आणि दोन राग एकदम सांभाळायची मला सवय नाही.

२१ तारीख, शुक्रवार

हे बाहेर गेल्यावर तिसरी कॅसेट लावली. अकराही गाणी, सलग. छापून आल्यापासून मी ती एकदाही ऐकली नव्हती.

सहाव्या गाण्यात मुख्य आवाज माझा आहे. ताई तिथे आपला आवाज इतका बारीक करते की कान देऊन शोधावा लागतो. नवव्यात एके ठिकाणी माझा श्वास कमी पडलाय, आणि नेमक्या त्या जागी ती अलगद येऊन ओळ पुरी करते आणि पुन्हा मागे सरते. मला हे तेव्हा कळलंही नव्हतं. हे सगळं छत्रीनंतरचं आहे. हेवा वाटत असताना केलेलं आहे. फोटोत तिने मला कापलं, गाण्यात कुठेही नाही.

मी बराच वेळ रडले. मग तोंड धुऊन सहाव्या गाण्याची नोंद पुन्हा वाचली: ‘मुख्य आवाज मी, साथ ती’. चूक नाही, पण फार कमी आहे.

२२ तारीख, शनिवार

दारावरची घंटा वाजली. ताई! एकटी, बसने आलेली, हातात पुठ्ठ्यात घातलेलं कव्हर.

“विसरली होतीस,” म्हणाली. “अठ्ठावीसला जायचंय मला. रुसायचं असलं तर लवकर आटप.”

मी तिला ओढून आत घेतलं आणि संगणकासमोर बसवलं. ह्यांनी चहा केला, साखर विसरले, आम्ही तो तसाच प्यायलो.

लेकही तेवढ्यात आली. तिची सूचना अशी की संगणकावर दुसऱ्या फोटोतली मला उचलून तिसऱ्या कव्हरवर ताईशेजारी उभं करता येईल, कोणाला कळणारही नाही. मी साफ नाही म्हटलं. एकदा दिलेला रिपोर्ट कोणी मागाहून बदलत नाही. कव्हर होतं तसं लागलं, दोन पांढऱ्या पट्ट्यांसह, कोपरासह.

ताई स्क्रीनजवळ वाकली. “कोपर मात्र छान आलंय तुझं.”

आधी मी हसले की ती, सांगता येणार नाही. 

मग तो रकाना आला. अल्बमचा कलाकार.

“तुझं नाव घाल,” ताई म्हणाली.

“वा! कव्हरवर तू आणि नाव माझं? तुझं घालते.”

“अजिबात नाही. मी उठून जाईन हं.”

“जा. बस अर्ध्या तासाने आहे.”

असं दहा मिनिटं चाललं. सव्वीस वर्षं एका गोष्टीवरून धुसफुसलो आणि आता उलट्या बाजूने भांडत होतो. हे म्हणाले, “शेवटी मी माझं नाव घालीन.” तेव्हा ताईने कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि एका बोटाने, अक्षरं शोधत शोधत लिहिलं: दोघी.

मी एकतीसही ओळी एकदम निवडून ते लावलं. फोनमध्ये घातलं. तीन कॅसेट, तीन अल्बम, अखंड.

संगीतकाराच्या रकान्यात एकतीस ठिकाणी भावोजींचं नाव होतं. ताई ते वरून खालपर्यंत वाचत गेली, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो तसाच राहू दिला.

२४ तारीख, सोमवार

लेकीने मला दारातच मिठी मारली. ह्यांना म्हणाली, “झालं बाबा एकदाचं!” एकतीस फाइलींचं या मुलीला एवढं काय कौतुक! पण काम चोख झालंय, हे मलाही मान्य आहे.

ताईकडे रोज जातेय. आता तिथे काहीच काम उरलेलं नाही. ते दोन कप तिने अजून बांधले नाहीत. आठवण करून दिली, तर म्हणाली, “शेवटच्या दिवशी बांधू.”

२८ तारीख, शुक्रवार

विमानतळावर सगळेच गेलो. भाचा सामान ढकलत पुढे, ताई माझा हात धरून मागे. तिने फोन काढून दाखवला, तिसरी कॅसेट उघडलेली.

“सव्वीस वर्षं वाया घालवली गं आपण,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “हो. आणि मला तुझी फार आठवण यायची.” असं मी आयुष्यात कोणाला तोंडावर बोललेले नाही.

ताईने फोन पिशवीत टाकला. ती गुणगुणायला लागली, नववं गाणं. तिथेच, माणसांच्या गर्दीत, ट्रॉल्यांच्या खडखडाटात. आधी हळू, मग चांगलं मोकळ्या आवाजात. मीही तिच्याबरोबर म्हणायला लागले. पहिली ओळ खरखरीत आली, दुसरी जरा बरी. तिसरीला खालचा आवाज जागेवर बसला. लोक वळून बघायला लागले. भाचा “आई, उशीर होतोय” म्हणत होता, आणि दारावरचा शिपाई कडक चेहऱ्याने उभा होता. पण कडवं संपेपर्यंत त्यानेही आम्हाला काही म्हटलं नाही.

मग तिला जावं लागलं. ती गातच आत गेली. काचेपलीकडून ऐकू येत नव्हतं, पण ओठ हलताना दिसत होते, आणि मी इकडून तिच्या ओठांवर नजर ठेवून गात होते. ती कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली तेव्हा गाण्याची एक ओळ उरली होती. ती मी एकटीने म्हटली, खालच्याच आवाजात. वरची जागा तिची आहे.